पाचव्या सोंगाचं नाव

आधीच सांगून टाकते, या लेखातली माणसांची आणि गावाची नावं मी बदलली आहेत. ज्या फोटोबद्दल लिहिणार आहे तो इंटरनेटवर आहे आणि कुणालाही दिसतो, पण तो शोधायच्या फंदात पडू नका. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर खाड्या पुष्कळ आणि नाताळातल्या सोंगांचे जुने फोटोही पुष्कळ. शिवाय जिच्याबद्दल लिहिते आहे तिने मला बजावलं आहे, "लिही हवं तेवढं. पण माझ्या घराची वाट दाखवलीस तर तुझ्या पायरीवर कुजलेले मासे ओतीन." ती ओतेल, म्हणून ही काळजी.

तिला आपण ड्रुसिला फ्राउड म्हणू आणि गावाला लॅम्बर्ट्स कोव्ह.

मी सेंट जॉन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि या गावात सून म्हणून आले, शाळेत शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात ड्रुसिलाने माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, माझा नवरा गेला, शाळा बंद पडली, तरी तिच्या लेखी मी कॉन्व्हेंटच आहे. गाव तिला ड्रुसिलाआत्या म्हणतं. सख्खी आत्या ती एकटीचीच, भावाच्या मुलीची, व्हर्नाची.

ड्रुसिला आज सत्त्याऐंशीची आहे. गावाच्या टोकाला, जिथे वाऱ्याला अडवायला काही नाही, तिथे तिचं पिवळं घर आहे. लग्न तिने केलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "एक होता बरा. पण मी हो म्हणणार हे त्याने आधीच धरून ठेवलं होतं." त्या काळी होडी पुरुषांची आणि किनाऱ्यावर मासे चिरणं, मिठात घालणं, वाळवणं बायकांचं. ड्रुसिलाचा थोरला भाऊ लिअँडर एका वसंतात समुद्रावरून वाहत आलेल्या बर्फात सापडून बुडाला आणि त्याची होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली. ड्रुसिलाने ती सुलटी केली, डांबर लावलं आणि पुढच्या हंगामात स्वतः वल्हं घेऊन बसली. बाई होडीत बसली की मासा पळतो, असं धक्क्यावरचे म्हातारे म्हणाले. ती म्हणाली, "पळू दे. मी त्याच्या मागे जाईन." आणि ती गेली. पुढे किती वर्षं तरी गेली.

मग समुद्रातला कॉड मासा संपत आला आणि सरकारने त्याची मासेमारीच बंद केली. गावातल्यांना नवी कामं शिकवायला वर्ग निघाले, तिला केस कापायच्या वर्गात नाव घालायला सांगितलं. ती शिकवणाऱ्या बाईला म्हणाली की मी आयुष्यभर डोकी कापली आहेत, पण माशांची, आणि त्यातल्या एकानेही आरशात बघून तक्रार केली नाही. घरी येऊन तिने बटाटे लावले. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला चालायला चाकांची चौकट दिली. ती चौकट शेगडीजवळ उभी आहे आणि तिच्यावर मोजे वाळत घातलेले असतात.

आता फोटोकडे येते.

कॅनडातल्या साध्या माणसांच्या रोजच्या जगण्याचा एक मोठा संग्रह इंटरनेटवर आहे. लोकांच्या माळ्यावर पडलेले फोटो, पत्रं, गोधड्या, लोण्याचे साचे, शाळेच्या घंटा, सगळ्याचे फोटो काढून तिथे ठेवलेले असतात. मला तो फार आवडतो. अल्बर्टातल्या कुणा बाईची दोरीवरची धुणी, क्वेबेकच्या लाकूडतोड्यांचा स्वयंपाकी, त्याच्या हातातला फावड्याएवढा डाव, हे बघता बघता माझा चहा गार होतो. अशाच एका दुपारी आमच्या गावच्या वारसा समितीचा अध्यक्ष गार्लंड स्टकलेस धापा टाकत माझ्याकडे आला. संग्रहात त्याला त्याच्या वडिलांचे घोटे दिसले होते.

घोटे खरंच त्यांचेच होते. फोटो पंचावन्न सालच्या नाताळातला, आमच्या गावात तेव्हा असलेल्या नर्सच्या स्वयंपाकघरातला. ती नर्स पुढे ऑन्टारिओला गेली, वारली, आणि तिच्या नातवंडांनी तिची पेटी संग्रहाला दिली. फोटोत पाच सोंगं ओळीने उभी आहेत. एक केसाळ हातांची नवरी, पांढऱ्या झग्यात, खाली हाडकुळे घोटे. तेच गार्लंडचे वडील. खाली लिहिलेलं होतं, 'नाताळातली सोंगं, माणसं अनोळखी, गाव अनोळखी.'

सोंगांचा खेळ आमच्याकडे नाताळापासून सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे जुन्या नाताळापर्यंत चालतो. पुरुष बायकांचे कपडे घालतात, बायका पुरुषांचे, पाठीला उशी बांधून कुबड काढतात, तोंडावर खिडकीचा जाळीचा पडदा. दार ठोठावून श्वास आत ओढत बोलायचं म्हणजे आवाज ओळखू येत नाही. घरातल्यांनी ओळखायचं. ओळखलं की पडदा वर आणि मग केक, सरबत, पुरुषांना रम. नाही ओळखलं तर सोंग झाकल्या तोंडाने आलं तसं निघून जातं, आणि बरोबरचे त्याचं नाव पुढेही कधी सांगत नाहीत. बायकोला नाही, पाद्र्यालाही नाही. गावात बाकी कुठलीही गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नाही, पण ही टिकते.

गार्लंडने संग्रहाला कळवलं. तिथे काम करणाऱ्या मुलीने आनंदाने उत्तर पाठवलं की जुन्या नाताळापर्यंत ज्या फोटोंतल्या सगळ्या माणसांची नावं मिळतील ते फोटो वर्षभर अगदी पहिल्या पानावर, गावाच्या नावासकट लावणार आहोत. गार्लंडला दुसरं काय हवं होतं. आमचं गाव नकाशावरून पुसलं जायची भीती त्याला लहानपणापासून आहे. आजूबाजूची तीन गावं त्याने पुसली जाताना पाहिली.

जुन्या शाळेच्या खोलीत भिंतीवर फोटो मोठा करून दाखवला. सगळं गाव आलं, म्हणजे उरलेलं. चेहरे झाकलेले असले की आमची माणसं पायांकडे बघतात. चौघांची नावं पटापट निघाली, त्या चौघांना त्याच रात्री घराघरांतून ओळखलं होतं, त्यामुळे कुणाचीच आडकाठी नव्हती. पाचवं सोंग शेगडीजवळ उभं होतं. अंगात तेलकट डगला, पाठीवर कुबड, हातमोजे, एक हात कमरेवर, डावा खांदा थोडा पडलेला. गार्लंडची मावशी मर्टल, वय नव्वदच्या पुढे, काठीने भिंतीकडे दाखवत म्हणाली, "ते लिअँडरचे बूट. डाव्या चवड्यावर टायरच्या रबराचं ठिगळ आहे बघा. त्यानं स्वतः लावलेलं. मी त्याला चिडवायची त्यावरून."

सगळे व्हर्नाकडे वळले. ती पुढच्याच बाकावर होती.

लिअँडर बुडाला तेव्हा व्हर्ना आईच्या पोटात होती. त्याचा देह सापडला नाही. त्याचा आयुष्यातला एकच फोटो होता, लग्नातला, आणि पेटी रिकामी कशी पुरायची म्हणून व्हर्नाच्या आईने तो पेटीत ठेवून पुरला. व्हर्ना आज अडुसष्ट वर्षांची आहे, नातवंडं आहेत, आणि बाप कसा दिसायचा हे तिला ठाऊक नाही. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने पाचव्या सोंगावर तळहात ठेवला. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या हातावर पडला आणि ते ठिगळाचे बूट तिच्या मनगटावर दिसायला लागले.

मी मागे वळून पाहिलं. ड्रुसिला टोपी घालत होती. कुणाशी न बोलता ती निघून गेली. भावाची आठवण आली असेल बिचारीला, असं सगळे म्हणाले. ड्रुसिलाला बिचारी म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

अडचण पुढे आली. संग्रहाच्या मुलीने कळवलं की बूट हा पुरावा चांगला आहे, पण त्या रात्रीचं कुणी हयात असेल तर त्यांचा दुजोरा मिळाला तर बरं. मर्टल त्या नाताळात गोवर होऊन अंथरुणात होती. उरली ड्रुसिला. गार्लंड कागदपत्र घेऊन तिच्याकडे गेला आणि शब्द नीट लिहायला हवेत म्हणून मला बरोबर नेलं.

ड्रुसिलाने आम्हाला चहा दिला. गार्लंडने सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या रात्री त्याला कुणी ओळखलं होतं?"

"आता कसं सांगणार आत्या? पण बूट…"

"ओळखलं नसेल तर नाव नाही. तुझ्या बापाला विचार."

"बाबा वारले, आत्या."

"तरी तो हेच सांगेल. तुझ्याहून शहाणा होता. झग्यात सुद्धा."

गार्लंड चिडला. पहिलं पान हातचं जाईल, गावाचं नाव जाईल, आणि व्हर्नाचा तरी विचार कर, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला की खेळ होता तो, सत्तर वर्षांपूर्वीचा, खेळाचे नियम कुणी इतके धरून बसतं का. ड्रुसिलाने त्याच्या बशीतलं बिस्किट उचलून परत डब्यात ठेवलं. म्हणजे ऊठ.

तो गेला, मी थांबले. ती शेगडीत लाकूड सरकवत बसली. मग म्हणाली, "तो लिअँडर नाही, कॉन्व्हेंट. मी आहे."

आमच्याकडे सोंग घेणारा दुसऱ्याचे बूट घालतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या दिवशी भिंतीसमोर बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. पण ओळखायची घाई अशी की बूट दिसले आणि आम्ही त्यांत माणूस उभा केला.

तिने मला त्या रात्रीचं सांगितलं. तिचे वडील ईलाय फ्राउड करडे होते. सभ्य घरच्या मुली सोंगं घेत नाहीत, झोपायला जा, असा हुकूम झाला होता. ड्रुसिला झोपायला गेली आणि खिडकीतून शेजारी लिअँडरच्या घरी उतरली. त्याने आपला डगला दिला, बूट दिले, बुटांत लोकर कोंबून दिली. चौघांबरोबर ती घरं फिरत नर्सकडे पोचली. तिथे शेगडीजवळ खुर्चीत तिचे वडील बसलेले. हाताला सुरी लागून जखम चिघळली होती, ती बांधून घ्यायला आले होते.

"पळून जाता आलं असतं," ती म्हणाली. "गेले नाही. जाऊन त्याच्या समोर उभी राहिले."

ईलायने बाकी चौघांना ओळखलं. हिच्याकडे वळून म्हणाला, "लिअँडर, बूट ओळखले मी तुझे." तिने मान हलवली, नाही. त्याने गावातली सगळी पोरं मोजली. प्रत्येक नावाला ती नाही म्हणत गेली. मग कुणीतरी तोंडाने गाणं धरलं आणि ती नाचली. बापाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, त्याने जिला झोपायला पाठवलं होतं ती. ईलाय बांधलेला हात मांडीवर आपटून आपटून हसला.

"माझ्यामुळे तो हसलेला मी तेवढ्याच वेळेला पाहिला," ड्रुसिला म्हणाली. "वसंत येईपर्यंत विचारत होता, कोण होतं ते. लिअँडरनं सांगितलं, बूट बाहेर वाळत टाकले होते, नेले असतील कुणी. बाकीचे चौघं मरेपर्यंत बोलले नाहीत. म्हातारा न कळताच गेला. या घरानं, या गावानं माझ्याकडून सगळं काढून घेतलं, कॉन्व्हेंट. काम घेतलं, भाऊ घेतला, मासा घेतला. ही एक गोष्ट कुणाला घेता आली नाही. आणि आता गार्लंड स्टकलेस ती चहा पिता पिता मागतो."

मी म्हटलं की निदान व्हर्नाला तरी सांग.

"काय सांगू? तो तुझा बाप आहे म्हणून खोटं सांगू? का तो तुझा बाप नाही, मी आहे म्हणून सांगू, आणि तिला आत्ता कुठे मिळालाय तो काढून घेऊ?" तिने लाकूड जोरात ढकललं. "मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. काय करायचं ते करा."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असले तरी गुपित पोटात ठेवायला शिकले ते या गावात. मी कुणाला बोलले नाही.

गावाला काय, ड्रुसिला अडून बसली एवढंच दिसत होतं. भावाला नाव द्यायचं जिवावर आलं म्हातारीच्या, असं लोक म्हणायला लागले. व्हर्नाने फोटोतलं पाचवं सोंग मोठं करून घेतलं, चौकटीत बसवलं आणि बैठकीच्या खोलीत लावलं. नातवंडांना ती सांगायची, हे माझे बाबा. नाताळाच्या आदल्या दिवशी दुकानात दोघींची गाठ पडली. मी पिठाच्या पिशवीपाशी होते. व्हर्ना रडवेली होऊन म्हणाली, "आत्या, एक हो म्हणायला तुझं काय जातं?"

ड्रुसिला तिच्याकडे वळली. "माझं काही जात नाही," ती म्हणाली. "तुझं जाईल."

व्हर्नाला त्याचा अर्थ कळला नाही. तिला तो अपमान वाटला आणि तिने नाताळच्या जेवणाला आत्याला बोलावलं नाही. तिच्या जन्मापासून असं झालं नव्हतं. ड्रुसिलाने नाताळाला खारा मासा आणि बटाटे खाल्ले, एकटीने, दिवे बंद करून. मी केक घेऊन गेले तर दारातूनच म्हणाली की दया आणली असशील तर बाहेर ठेव आणि केक आत दे.

जुन्या नाताळाच्या दिवशी गार्लंडने ठरवलं की दुजोऱ्याची वाट बघत बसायचं नाही. समितीने एकमताने लिहायचं, पाचवा लिअँडर फ्राउड, आणि पाठवून मोकळं व्हायचं. संध्याकाळी सगळे व्हर्नाच्या घरी जमणार होते, पाठवण्याचं बटण तिच्या हातून दाबायचं होतं. हे मी ड्रुसिलाला सांगितलं. ती उठली, चाकांच्या चौकटीवरचे मोजे काढले आणि पायात घातले.

"तुझ्या नवऱ्याचे बूट आहेत का अजून?"

होते. मी ते टाकू शकले नव्हते.

"आण. आणि तुझ्यासाठी काहीतरी घाण कपडे शोध. एकटीला बर्फावर जमायचं नाही मला, आणि ती चाकं घेऊन सोंग कुठलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. रस्त्यावर बर्फ काचेसारखा होता, डॉक्टरांनी तिला अंगणातसुद्धा एकटं जायला बंदी केली होती. मी हे सगळं बोलले. ती पाठीला उशी बांधत होती, म्हणाली, "दोरी घट्ट ओढ."

सूर्य नुकताच बुडालेला. खाडीवर निळसर उजेड होता. मी माझ्या सासऱ्यांच्या कोटात, तोंडावर उशीचा अभ्रा, ती डगल्यात, तोंडावर स्वयंपाकघराच्या खिडकीचा जाळीचा पडदा. माझ्या दंडात तिची बोटं रुतली होती. वाटेत ती दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा मलाच म्हणाली, नीट चाल.

व्हर्नाचं दार मी ठोठावलं. श्वास आत ओढत विचारलं, सोंगं आली आहेत, घेता का आत?

आत आनंद झाला. आता सोंगं फारशी येत नाहीत. व्हर्ना, तिचा नवरा, गार्लंड, मर्टल, समितीचे आणखी दोघं, नातवंडं. टेबलावर संगणक उघडा होता. मला गार्लंडने क्षणात ओळखलं. "एवढी ताठ या गावात एकच उभी राहते. बाई, नन्स बघत नाहीत आता, जरा सैल सोडा." मी अभ्रा वर केला, सगळे हसले, मला केक मिळाला. नियमाप्रमाणे मी पुढे गप्प बसले.

मग त्यांनी ड्रुसिलाला घेरलं. गार्लंडने खाली बघितलं आणि टाळी वाजवली. "बाईंच्या यजमानांचे बूट. म्हणजे बाईंचा मुलगा आलाय हॅलिफॅक्सहून." तिने मान हलवली. बाईंचा भाचा? नाही. नवा पाद्री? नाही. शेजारच्या खाडीतले सगळे झाले. मर्टलने काठीने कुबड टोचून पाहिलं आणि उशी आहे असा शोध लावला. ड्रुसिला तिथे असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चाकांच्या चौकटीशिवाय तिला उभं राहता येत नाही हे गावाने धरूनच ठेवलं होतं.

ड्रुसिला शेगडीच्या बाजूला सरकली. एक हात कमरेवर ठेवला. आणि तिने पाय आपटला, टाच, चवडा, टाच. मर्टलने लगेच तोंडाने गाणं धरलं, तिला राहवत नाही. नाच कसला, जागच्या जागीच पावलं होती. पण ताल चुकला नाही. नातवंडं टाळ्या पिटायला लागली. सगळे हसत होते.

व्हर्ना हसत नव्हती. तिने सोंगाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चौकटीकडे, मग पुन्हा सोंगाकडे. कमरेवरचा तोच हात, तोच पडलेला डावा खांदा. तो खांदा तिने लहानपणापासून बटाट्याच्या वाफ्यात, होडीत, धक्क्यावर बघितलेला. ती पुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी जाळीचा पडदा धरला. उचलला नाही, नुसता धरला.

"आत्या," ती म्हणाली.

ड्रुसिला थांबली. व्हर्नाने पडदा वर केला. म्हातारीचा चेहरा लालभडक झाला होता आणि घाम निथळत होता. तिला खुर्ची दिली. गार्लंड एकदा चौकटीकडे आणि एकदा संगणकाकडे बघत होता. मर्टल स्वतःशीच म्हणाली, "बूट. आपण बूट बघत बसलो."

व्हर्ना जमिनीवर बसली होती, ड्रुसिलाच्या पायांपाशी. तिने विचारलं, "मग ते कुठे होते त्या रात्री?"

"घरी," ड्रुसिला म्हणाली. "अनवाणी. बूट माझ्या पायात होते ना. मी परत द्यायला गेले तेव्हा तो शेगडीपाशी पाय करून बसला होता आणि मोजा पायात असतानाच तुझी आई तो रफू करत होती. सुई लागली की तो ओरडायचा आणि ती मुद्दाम पुन्हा टोचायची. तू पोटात होतीस. तो म्हणाला, हे पोर मोठं झालं की याला सांगायचं, बाप नाताळात नाचायला गेला नाही कारण आत्यानं बूट पळवले." ती थांबली. "सांगता आलं नाही मला. ओळखल्याशिवाय सांगता येत नाही. आज तू ओळखलंस."

व्हर्नाने तिच्या पायातले माझ्या नवऱ्याचे बूट काढले आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. ती रडत होती. मग एकदम हसली आणि विचारलं, "कुठल्या पायाचा मोजा?"

"डाव्या. त्याच्या डाव्या अंगठ्याला धार होती. प्रत्येक मोजा फाडायचा."

बराच वेळ दोघी असंच काहीतरी बोलत होत्या. त्याचे कान, त्याचं चहा भुरकणं. सत्तर वर्षांत ड्रुसिला भावाबद्दल एवढं बोलली नसेल.

गार्लंडने शेवटी घसा साफ केला. तो म्हणाला की झालं ते उत्तमच झालं, आता नाव तर पक्कं मिळालं, पाचवी ड्रुसिला फ्राउड, आणि वेळही आहे अजून.

"खबरदार," ड्रुसिला म्हणाली.

"अहो आत्या, आत्ता सगळ्यांसमोर…"

"आत्ता. आज हिनं मला ओळखलं. फोटो आजचा आहे का? त्या रात्री त्या घरात मला कुणी ओळखलं नाही. माझा बाप माझ्यासमोर बसून हरला. ते तू आता पुसणार? तुझ्या पहिल्या पानासाठी?"

"मग जागा रिकामी राहील. सगळी नावं नाहीत तर पहिलं पान नाही."

"मागच्या पानावर टाक. मागच्या बाकावर बसून मी काही कमी झाले नाही."

गार्लंड म्हणाला की गावाचं नुकसान होतंय. तेव्हा व्हर्ना उठली, संगणकासमोर बसली आणि तिने त्याचं लिहिलेलं पुसलं. तिला टंकता येत नाही म्हणून अक्षरं मी सांगत गेले. चौघांची नावं, गावाचं नाव, आणि मग, 'पाचवं सोंग: ओळखलं गेलं नाही. बूट लिअँडर फ्राउड यांचे.' बटण तिनेच दाबलं. गार्लंड अडवायला उठला नाही. त्याच्या वडिलांनीही त्याच्या आईला कधी सांगितलं नव्हतं, हे त्याला तेव्हा आठवलं असेल.

जाताना तो सगळ्यांना म्हणाला, "कुणी बोलायचं नाही." जणू ते त्याने ठरवलं होतं.

फोटो पहिल्या पानावर गेला नाही. गावाचं नाव मात्र आता त्याच्याखाली आहे. पाचव्या सोंगाशेजारी संग्रहाची लाल खूण आहे आणि प्रश्न आहे, ही व्यक्ती कोण हे तुम्ही सांगू शकता का? लोक सांगतात. मॅनिटोबाहून कुणी लिहितं की हे आमचे काका, ते सोंगं घ्यायचे. बोस्टनहून एक बाई खात्रीने सांगते की खांद्यांवरून हा तगडा तरुण कोळी आहे. व्हर्नाच्या भिंतीवर चौकट आहे तिथेच आहे. ती आता फक्त बूट दाखवते, मोज्याची गोष्ट सांगते, आणि नातवंडांनी कोण उभं आहे विचारलं तर ओळखा म्हणते.

रविवारी व्हर्नाकडे जेवणं झाली की मी आलेले अंदाज ड्रुसिलाला वाचून दाखवते. ती डोळे मिटून, पाय स्टुलावर ठेवून ऐकते. प्रत्येक नावाला मान हलवते, नाही.

"पुढचं वाच, कॉन्व्हेंट," ती म्हणते.